तुटक येणारा बोल

चौसाळ्यात शेजारी म्हणायचे, "कल्याणराव आप्पा दुपारी भिंतीला पखवाज शिकवतात."

भिंतीला नव्हे, भिंतीलगतच्या जुन्या कॉम्प्युटरला. आणि त्याच्या पडद्यात दिसे पुण्यात बसलेली नात आरोही. किराणा दुकान सोडताना आप्पांनी तो डबा घरी आणला होता. गल्ली पेंगुळली, की ते पखवाज पुढ्यात ओढत आणि एक बोल वाजवत. तो बोल वायरीतून शेतांच्या कडेकडेने, घाट उतरत पुण्याला पोचतो आणि आरोहीच्या कोवळ्या बोटांना स्पर्शून परत येतो, असे त्यांना मिटल्या डोळ्यांना दिसे.

यंदा दसऱ्यापासून तो वाटेत रेंगाळू लागला. पडद्यावर आरोहीचा हात थिजून राही. मधला तुकडा पोचतच नसे. मग एकदा तिने बोल वाजवून दाखवला, तो नेमका त्या खड्ड्यासकट. पोर तुटणेच शिकली होती.

"बाबा, राग मानू नका," आरोहीची आई, म्हणजे लेक वर्षाराणी, पडद्यावरून म्हणाली. "असंच चाललं तर दिवाळीनंतर हिला इथंच क्लास लावते."

आप्पांना त्या रात्री भाकरी गोड लागली नाही. सकाळीच त्यांनी नेट जोडून देणाऱ्या वीरेशला बोलावले.

वीरेशने वायर बदलली, फरक नाही. तीच वायर स्वतःच्या लॅपटॉपला लावली, तर वेग भरपूर. मग त्याने कॉम्प्युटरच्या सेटिंग चाळल्या, नको ते प्रोग्रॅम बंद केले. तरी गाडी रखडलेलीच.

"लाइन चोख हाय, आप्पा. दुखणं तुमच्या म्हाताऱ्यात हाय. बदला की आता!"

"म्हातारी माणसं बदलत न्हाईत बे. नीट बघ."

वीरेशने डबा उजेडाकडे फिरवला, वायर खोचायच्या जागी टॉर्च मारला आणि हसतच सुटला. आतल्या बारीक पिनांवर हळदीकुंकवाची खपली धरली होती.

"आप्पा, ह्यो उद्योग कुणाचा?"

आप्पा ओशाळले. दुकानात असताना खंडेनवमीला तराजू पूजायचा. घरी आल्यापासून पखवाज आणि कॉम्प्युटर. यंदा पुसायला म्हणून वायर काढली होती. जिथे तो इवलासा दिवा लुकलुकतो, तिथेच याचा जीव असणार, असे वाटून त्यांनी हळदीकुंकवाचे ओले बोट तिथेच टेकवले होते.

वीरेशने वीज बंद केली आणि मऊ ब्रशने हळुवार खपली काढली. दुपारी आप्पांनी बोल वाजवला, आणि तो आरोहीकडून अखंड परत आला. जणू ती माजघरातच बसली होती.

"आजोबा, मधे हेपण होतं?" तिने नवलाने विचारले.

आप्पांनी तोच बोल पुन्हा वाजवला, आणि पुन्हा.

चहाचा पेला ठेवत वीरेशने चिमटा काढला, "मग आप्पा, पुढल्या खंडेनवमीला कुंकू बंद ना?"

"कावून बंद? लावणारच. कपाळाला लावीन, तोंडात न्हाई कोंबणार."