शेठच्या गाडीचे दोन कार्बोरेटर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गॅरेजातल्या कुणाला नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट ठाऊक नाही. ऐका — पण मध्येच मला धीर देऊ नका.

सांगलीत माझं गॅरेज आहे. कार्बोरेटर — इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारा भाग — लावावा तर मीच, असं लोक म्हणतात, आणि ते खरंही आहे. काही गाड्यांत त्याच्या जागी पेट्रोल मोजून फवारणारं इंजेक्शन असतं, ते काम मात्र मला कधी जमलं नाही. ते जमायचं दस्तगीरचाचांना. चाचा माझे वस्ताद, इस्लामपूरचे. उमेदीची वर्षं आखातातल्या गॅरेजांत घालवून आलेले. पाना कसा धरायचा इथपासून सगळं त्यांनीच शिकवलं. सत्तरी ओलांडली तरी आठवड्यातून दोनदा एसटीने माझ्याकडे यायचे, अवघड कामाला बसायचे. आणि गिऱ्हाईक माझ्याच गॅरेजात येऊन मला विचारायचं, "चाचा हायत का?" मला ते लागायचं. किती लागायचं, हे आता कळतं.

विट्याचे एक शेठ होते. सोनं गाळायच्या धंद्यात परमुलखात जन्म काढलेला माणूस. हौस म्हणून त्यांनी एक जुनी परदेशी, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. तिचं इंजेक्शन चाचांनी आठवडाभर बसून साफ केलं. गाडी अशी चालली की शेठ स्वतः चाचांना तिच्यातून इस्लामपूरला सोडून आले. मग मी तिचं ऑइल बदललं. साधं काम. दुसऱ्या दिवशी गाडी उभ्या जागी थरथरायला लागली, बंद पडायला लागली.

शेठ विचारायला आले तेव्हा चाचा तिथे नव्हते. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, चाचांचं वय झालं, नजर अधू झाली, इंजेक्शन त्यांच्या हातून बिघडलं. आता ते काढून टाकू, दोन कार्बोरेटर बसवू. तेव्हा मला तसं वाटतही होतं — थोडंसं. म्हणजे, तसंच असावं असं वाटत होतं.

कार्बोरेटर परदेशातून यायला दीड महिना लागला. तेवढ्या दिवसांत चाचा दोनदा म्हणाले, एकदा मला बघू दे. शेठ नको म्हणतात, असं मी सांगितलं. शेठ तसं काही म्हणाले नव्हते.

सामान आलं त्या दुपारी, इंजिन उघडण्याआधी, जुन्या ऑइलच्या ट्रेमध्ये मला रबराची एक रिंग सापडली. ऑइल भरायच्या झाकणाची. माझ्याच हातून पडलेली. कार्बोरेटरच्या गाडीत ते झाकण सैल राहिलं तरी काही अडत नाही, म्हणून मी आयुष्यात कधी तिकडे पाहिलंच नव्हतं. पण ही गाडी आत जाणारी हवा मोजून पेट्रोल सोडते. झाकणातून चोरटी हवा शिरली की तिचा अंदाज चुकतो. मी रिंग बसवली, किल्ली फिरवली. इंजिन शांत, एकसारखं चाललं. चाचांनी लावून दिलं होतं तसंच.

गॅरेजात मी एकटा होतो. तिथे थांबता आलं असतं ना? एक फोन — शेठ, चूक माझी — बस, एवढंच. मी इंजिन बंद केलं. रिंग परत काढली. खिशात घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठना आणि चाचांना बोलावलं, थरथरणारं इंजिन ऐकवलं, आणि दोघांसमोर इंजेक्शनच्या वायरी कापल्या.

चाचा हळूच म्हणाले, "माज्याच हातनं झालं का रं, सदा?"

मी मान वर केली नाही. "वय झालं आता तुमचं, चाचा."

कार्बोरेटर मी झकास लावले, हेही सांगायलाच हवं. त्या गाडीचा आवाज ऐकायला साताऱ्याहून हौशी लोक येतात. शेठ माझं नाव सांगतात. चाचांचंही सांगतात — कसं, ते तुम्हीच ओळखा. त्या दिवसानंतर चाचांनी काम सोडलं. हत्यारांची पेटी मला देऊन टाकली. मी घेतली. नको म्हटलं असतं तर कारण काय सांगणार होतो?

सांगायचं ठरवून दर रमजान ईदला इस्लामपूरला जातो. तोंड उघडणार, तोच चाचा आलेल्या पाहुण्यांना सांगू लागतात, "मी गाडी घालवली हुती, ह्या पोरानं सावरली." अभिमानाने सांगतात हो. मी शिरखुर्म्याची वाटी संपवतो आणि परत येतो.

यंदा गेलो तेव्हा त्यांच्या सुनेची जुनी स्कूटर दारात सुरू होऊन सारखी बंद पडत होती. चाचा तिच्यापाशी उकिडवे बसले होते, हातात स्क्रूड्रायव्हर. एक स्क्रू जरासा फिरवायचा होता, दुसरं काही नाही. मला बघून त्यांचा हात थांबला.

"सदा, फिरवू का रं?"

"फिरवा," मी म्हणालो.

त्यांनी अर्धा आटा फिरवला. स्कूटर एकसारखी चालू लागली. तरी ते माझ्याकडेच बघत राहिले, बरोबर झालं का म्हणून.

"बरोबर हाय, चाचा," मी म्हणालो. तेवढंच म्हणालो.