भोपळा बसवून पाहिलेली गाडी

या वर्षी माझी बायको गेली. मुलगी म्हणते, बाबा, ती जुनी गाडी टाकून द्या, अंगणात पायात येते. मी नाही म्हटलं. का नाही, ते तिला धड सांगता आलं नाही. म्हणून लिहितो. शाळा मी फार पाहिली नाही. संध्याकाळी गावच्या बैठकीत अक्षरं गिरवली तेवढीच. जसं येतं तसं लिहिणार.

आम्ही या बेटावरच्या रिव्हिएर दू रांपार गावचे. थोडी जमीन, त्यात वांगी, भोपळे, पोमदामूर म्हणजे टोमॅटो, आणि आजूबाजूला सगळा ऊस. घर लाकडाचं, वर पत्रा. साठ सालचं पहिलं वादळ आलं तेव्हा मुलगी नुकती पाऊल टाकायला लागली होती. अर्धा पत्रा गेला तसे आम्ही शाळेच्या दगडी इमारतीकडे निघालो. माझ्या डोक्यावर तांदळाचं पोतं, हाताला म्हातारी आई. बायकोच्या कडेवर पोर. मोठ्या रस्त्यावर फिलाओची, म्हणजे सुरूची, झाडं आडवी झालेली, म्हणून उसातल्या वाटेनं गेलो. तिथं वाऱ्यानं असा दणका दिला की बायको आपटली आणि पोर हातातून सुटून सरीच्या पाण्यात गेली. ओढून काढली. खोकली, मग रडली, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. तांदूळ चिखलात गेला. शाळेत दुसऱ्यांच्या टोपातलं खाल्लं.

घरी आल्यावर बायको रडली नाही. सुजलेला हात धरून बसली आणि म्हणाली, "पुढच्या खेपेला पोर माझ्या हातात नको. हात सुटतो. लाकूड सुटत नाही. गाडी बघा."

वादळाचे महिने अजून सरले नव्हते. पत्रा मी तारेनं बांधला होता, पण तो दुसरं वादळ झेलणार नाही हे मला ठाऊक होतं. गाडी लवकर पाहिजे होती.

मी बैलगाडी म्हटलं. ती म्हणाली, वाऱ्यात बैल बिथरला तर पोरीला धराल की बैलाला? ते खरं होतं. मग मी बाजारातल्या हमालाची मोठी हातगाडी मागून आणली. उंच चाकं, रुंद फळी. तांदूळ, डाळ, घासलेट, पाणी, सगळं मावेल. मला भूक आठवत होती. तिला सरीतलं पाणी आठवत होतं. म्हणून आमचं जुळेना. मी म्हणायचो, आधी सामान, मग राहील त्या जागेत पोर. ती म्हणायची, आधी पोर, मग राहील त्या जागेत सामान.

शेवटी ती म्हणाली, भांडून काय होणार, ओढून बघा. पण पोरीला घालून बघायला ती तयार नव्हती. कोठीतून एक लाल भोपळा उचलला. एका हातावर पोर, एका हातावर भोपळा, असं तोलून बघितलं. जवळजवळ सारखाच. मग भोपळ्याला पोरीचं जुनं झबलं घातलं. आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "मग तीट पण लाव गो त्याला. दृष्ट लागेल."

उसाच्या वाटेवर आमच्या लोकांनी शेतातले काळे दगड उचलून दोन्ही बाजूंना रचलेले. एका ठिकाणी त्या दगडांच्या मधली फट जेमतेम माणसापुरती. हमालाची गाडी तिथं अडकली. मागे घेताना भोपळा कलंडला. शेजारी बायका गाईला गवत कापत होत्या, त्या हसून हसून खाली बसल्या. एकीनं विचारलं, नवरदेवाची वरात कुठं चालली? बायकोनं भोपळा उचलला, झबलं झटकलं आणि म्हणाली, दुसरी गाडी आणा.

दुसरी आणली ती मळ्यावरची एकचाकी ढकलगाडी. फटीतून गेली, पण बायकोनं बाजूनं जरा धक्का दिला मात्र, उलटली. भोपळा दगडावर फुटला. या वेळी कोणी हसलं नाही. ती बिया गोळा करत राहिली. मी एकचाकी मळ्यावर परत देऊन आलो आणि मनात ठरवलं की आता हिचं ऐकायचं.

गावात इथल्या क्रेओल लोकांतला एक सुतार होता. आम्ही त्याला तोंतोन म्हणायचो, म्हणजे काका. त्याच्या दारात एका सरबतवाल्याची गाडी पडली होती. वरचं छप्पर, पेटी, सगळं पहिल्या वादळानं नेलेलं. राहिली होती दोन चाकं, रबर चढवलेली, आणि एक बुटका लोखंडी आस. तोंतोन हसला, म्हणाला, वाऱ्यानं खाऊन टाकलेली गाडी घेता होय? बायको म्हणाली, "त्यानं न्यायचं ते नेलं. आता उरलंय ते टिकेल."

बैठी पेटी त्यानं ठोकून दिली. पोरीला बसायला मात्र जाड फळी मिळेना. बायकोनं घरात जाऊन गणपतीचा फणसाचा पाट आणला. त्याच पाटावर आम्ही दरवर्षी गणपती डोक्यावरून नदीला न्यायचो. आई चिडली. देवाच्या पाटावर पोर हगेल म्हणाली. असंच म्हणाली, मी सभ्य करून लिहीत नाही.

"आत्याबाई," बायको म्हणाली, "देव वर्षातून एकदा बसतो. ही रोज बसायची आहे."

आईनं पाटाला हळदकुंकू लावलं आणि सुताराच्या हातात दिला.

रोज बसायची, हेही तिनं खरं केलं. पोर गाडीला घाबरू नये म्हणून तिला भात गाडीतच भरवायची. साडीच्या पट्ट्यानं बांधून, अंगणात फेऱ्या. थोड्याच दिवसांत पोर गाडीतून उतरायला मागेना.

या गाडीत घालून दुसरा भोपळाही आम्ही नेऊन बघितला. फटीतून गेला, पण गाडी हलकी पडून कलत होती. मग बायकोनं मसाला वाटायचा पाटा उचलून तळाशी ठेवला. मी म्हटलं, आसऱ्याच्या जागी दगड कोण नेतं? ती म्हणाली, दगड वारा नेत नाही.

दुसरं वादळ पहिल्यापेक्षा मोठं आलं. पोलीस चौकीवर लाल बावटे चढले तसे आम्ही दुपारीच निघालो, घर उडायची वाट बघितली नाही. तळाशी पाटा, मध्ये पोर, दोन्ही बाजूंना तांदळाच्या पिशव्या, वर गोणपाट. आई बायकोच्या कमरेला पदरानं बांधलेली. मी ओढत होतो, बायको मागून ढकलत होती. दगडांच्या फटीत वारा आडवा आला. मी गुडघ्यावर पडलो, दांडी हातातून गेली. मागे बघायचं धाडस होईना.

बायको ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "बसलीय. उठा."

गाडी उभी होती. मी उठलो. शाळेत पोचलो तेव्हा पोर झोपलेली आणि तांदूळ कोरडा. घराचा नंतर एक खांब तेवढा सापडला. तिनं तो बघून मान हलवली आणि चूल मांडायला दगड शोधू लागली.

आता घर सिमेंटचं आहे, वादळात कुठं जावं लागत नाही. तरी गाडी मी टाकणार नाही. सकाळी बसच्या थांब्यापर्यंत वांगी तिच्यातूनच नेतो. मागून ढकलायला कोणी नाही, म्हणून माल कमी भरतो. पाटा मात्र तळाशी असतोच.