धसकटांतलं हिरवं

"विचार बदलला," असं परवा मी बायकोला म्हणालो. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "बदलायला त्यो काय पटका हाय? मळला की दुसरा!"

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. ओसरीवरून उठतो, गोठ्यापर्यंत जातो, परत येतो. जे झालं त्याला काय म्हणावं तेच ठरत नाही. विचार केला म्हणावं, तर मी होऊन काहीच केलं नाही. सुचलं म्हणावं, तर सुचलेल्याचा माणसाला आनंद होतो. उमगलं म्हणावं, तर त्यात दडलेलं असं काही नव्हतंच. सगळं पहिल्यापासून डोळ्यांसमोर होतं.

आमचं रान ताडकळसला जाणाऱ्या रस्त्याला लागून. मी तरणा होतो तेव्हा ज्वारी निघाली की एक मेंढपाळ कुटुंब दरसाल यायचं. रात्रभर कळप शेतात बसायचा, लेंड्यांचं खत रानाला मिळायचं, आणि त्या बदल्यात आम्ही ज्वारी द्यायचो. मेंढरं बसवण्याचा पहिला मान माझ्या रानाचा, मग बाकीच्या गावाचा. असं मी ठरवलं होतं आणि गाव ऐकत होतं.

एका वर्षी ज्वारी काढल्यावर अवकाळी पाऊस झाला. मेंढरं माझ्या धसकटं वेचलेल्या वरच्या तुकड्यात बसली. खालच्या तुकड्याकडं मात्र मेंढक्यानं त्यांना फिरकू दिलं नाही. काठी आडवी धरून त्यानं सगळा कळप वळवला, हे मी स्वतः पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खालच्या तुकड्यात माझा बैल कोसळला. थरथरला, तोंडाला फेस आला, आणि डॉक्टर येण्याआधीच गेला.

मी तडक मारुतीच्या पारावर गेलो. माणसं जमवली. "यानं आपली मेंढरं तिकडं का जाऊ दिली न्हाईत? तिथं काय हाय ते याला ठावं होतं. अन् ठावं होतं म्हंजी यानंच टाकलं!"

मेंढका हात जोडून म्हणाला, "मालक, किराळ हाय तिथं."

कापलेल्या ज्वारीच्या धसकटांना पाऊस लागून पुन्हा कोवळे कोंब फुटतात, ती किराळ. जनावराच्या पोटात गेली की विष. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं.

"माझ्या रानात काय हाय ते तू मला सांगतो व्हय?" मी ओरडलो. पुढं कोणी बोललं नाही. यांची मेंढरं पुन्हा या शिवारात बसवायची नाहीत, असं ठरलं. दुपारी त्यांनी घोड्यावर बिऱ्हाड लादलं. त्याची बायको तेव्हा नवी नवरी होती. तिनं एकदाही मागं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्याची बैलजोडी मागून आणली आणि तो तुकडा वखरून टाकला; किराळीचा एक कोंब ठेवला नाही.

हे मी परवापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच असतं, तर पेरणीसाठी म्हणालो असतो. त्या दिवसांत आमच्याकडं कोणी काही पेरत नाही. बैलाला कालव्यावर पाणी पाजून मीच मोकळा सोडला होता आणि रस्त्यावर बाजाराला निघालेल्या एकाशी बोलत उभा राहिलो होतो. 'दोनच घास खाल्ले असतील, तेवढ्यानं काय मरतंय,' असं मनाशी म्हणत आलो.

यंदाही ज्वारी निघाल्यावर पाऊस झाला. परवा मी धुऱ्यावर, बांधावरच्या बाभळीच्या आडोशाला उभा होतो. रस्त्यानं एक कळप चालला होता, पुढं एक म्हातारी. पुढची मेंढी माझ्या रानातल्या हिरव्याकडं वळली, तशी म्हातारीनं काठी आडवी धरली आणि सगळा कळप रस्त्याच्या पलीकडच्या कडेला नेला. मी तिला दिसलोही नव्हतो. तीच काठी, तसाच आडवा हात.

गोधडीचा एक टाका तुटला की पुढचे आपोआप सुटत जातात, तसं झालं. काठी, मग किराळ, मग वखर. उसवलं म्हणावं का याला?

"बाई, थांबा," मी हाक मारली.

जवळून पाहिलं, तर तेव्हाची ती नवी नवरी. तिनंही मला ओळखलं. "मालक, रस्त्यानं चाललोय. तुमच्या रानात पाय ठेवला न्हाई."

"तसं न्हाई. तो बैल किराळ खाऊन मेला. मीच सोडला होता. तुमच्या माणसाचा काई दोष नव्हता."

"आज कळलं व्हय? आमाला त्याच दिशी ठावं होतं."

"ते कुठं हायत?"

"गेले. जाईस्तोर म्हणायचे, त्या रानात मेंढरं लय निवांत बसायची."

"आज बसवा की मग माझ्या रानात," मी म्हणालो.

"तवा पारावर ओरडलाव, अन् आता धुऱ्यावर कुजबुजायलाव?" तिचा आवाज चढला नाही. "माझ्या लेकाला अजून लोक इचारत्यात, बैल मारणारे तुमीच का म्हणून. त्याला ऐकू जाईल असं बोला." आणि कळप पुढं गेला.

हे सगळं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "इतकी वर्सं एकाच अंगानं भाजली भाकर. उलथा की आता. मला सांगून काय व्हतंय?"

काल संध्याकाळी पारावर गेलो. माणसं मोबाइल बघत बसली होती. उभ्यानंच सगळं सांगितलं, वखरासकट. एक जण हसला, "आबा, मेलेला बैल आता कशाला उठवायलाव?" पण ज्याची जोडी मी नेली होती तो माझा शेजारी हसला नाही.

"मला तवाच शंका आलती," तो म्हणाला.

"मग बोलला का न्हाईस?"

"तुझ्यापुढं कोण बोलतंय?"

त्यानंच फोनाफोनी करून कळप कुठवर गेलाय ते शोधलं. म्हातारीच्या लेकाला सांगितलं, पारावर काय झालं ते, आणि आमच्या गावाला या म्हणून.

आज दिवस कलायच्या आत कळप आला. माझ्या रानावरून पुढं गेला आणि शेजाऱ्याच्या रानात बसला. मी धुऱ्यावर गेलो. म्हातारी कळपाभोवती जाळी बांधत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मालक, या बाजूनं काट्या लावा तेवढ्या. कोकरं बारकी हायत, किराळीत शिरतील."

अंधार पडेपर्यंत बाभळीच्या काट्या ओढल्या. हातभर ओरखडे आले. हिरवं मी तसंच राहू दिलं आहे; वखरायचं नाही, ज्याला बघायचं त्यानं बघावं. निघताना विचारलं, "उद्या माझ्याकडं, वरच्या तुकड्यात?"

"बघू," ती म्हणाली.

घरी आलो. शेजाऱ्याच्या रानातून बें बें ऐकू येतंय, आणि मी पुन्हा गोठ्यापर्यंत जाऊन आलो.