काशिनाथशेटच्या गाडीचं पोट

गॅरेजात बारा वर्षं काढली की दोन गोष्टी आपोआप साठतात. एक, कुठल्याच गाडीला न बसणारे नटबोल्ट, आणि दुसरे किस्से. नटबोल्ट मी केव्हाच भंगारात घातले. किस्से कुणी भंगारवाला घेत नाही. मग चार मित्र जमले, चहा आला, की एखादा बाहेर पडतोच. परवा पुतण्यानं विचारलं, "काका, जॅक लावताना मध्ये लाकडाचा ठोकळा कशाला हो ठेवायचा? नुसता जॅक लावला तर काय होतं?"

काय होतं? अरे बाबा, बस. सांगतो.

आमचं गॅरेज नौपाड्यात, ठाणे स्टेशनवरून चालत दहा मिनिटांवर. पत्र्याची एक शेड आणि पुढे अंगण. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. मालक विनायकराव, मूळचे पुण्याचे. बॉनेट उघडायच्या आधीही हात धुवायचे आणि नंतरही धुवायचे. हेडमेकॅनिक गणपतमामा. लढाईच्या काळात लष्करी वर्कशॉपात ट्रक दुरुस्त करून आलेले. दुसरा मेकॅनिक मी. तिसरा नव्हताच.

आणि जागा काशिनाथशेटची. शेट कोपरीचे. वडील मिठागरात मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहायचे, पण घरच्या जमिनीला पुढे भाव आला आणि मुलगा शेट झाला. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी गाडी घेतली. लाल, दोनच माणसांची, स्पोर्ट्स कार! तेव्हा ठाण्यात अशी दुसरी गाडी मी तरी पाहिली नव्हती. शेट धोतर-कोट घालून ती अनवाणी चालवायचे. पेडल पायाला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

* * *

गाडी पहिल्यांदा आमच्याकडे आली तीच मुळी आम्हाला तोंडघशी पाडायला. मामांनी जॅक आणला, खाली वाकले आणि तसेच वाकून राहिले. आमचा जॅक लष्करी ट्रकचा, आणि गाडी जमिनीपासून वीतभरसुद्धा वर नाही! जॅक खाली जाईचना.

"ही गाडी आहे की चप्पल?" मामा म्हणाले.

शेवटी शेजारचा शिंपी, दोन टांगेवाले, पलीकडच्या वखारीतले तिघे आणि आम्ही दोघे अशी आठ माणसं जमवली. चार इकडून, चार तिकडून. उन्हानं रंग तापू नये म्हणून मामांनी गाडीवर पांढरी चादर टाकली होती. "हळू, हळू" म्हणत आम्ही गाडी उचलली आणि शेडकडे निघालो. विनायकराव पुढे वाट दाखवत. गंभीर चेहरा, हात जोडल्यासारखे.

तेवढ्यात दारात टांगा थांबला आणि काशिनाथशेट उतरले. त्यांनी एकदा चादरीकडे पाहिलं, एकदा आम्हा आठ जणांकडे.

"आरं देवा!" शेट ओरडले. "माजे गारीची मयत कंय नेतां?"

आमच्यातल्या एका टांगेवाल्याला इतकं हसू आलं की त्याचा हात सुटला. गाडी कशी पडली नाही हे मला आजही कळलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मामांनी रीत ठरवली. आधी चाकं दोन फळ्यांवर चढवायची, मग बुटका जॅक आत सरकवायचा.

* * *

शेटनी एक ड्रायव्हरही ठेवला होता, दगडू नावाचा. आधी विटांचा ट्रक चालवायचा. कल्याणला खाडीजवळ गाडी पंक्चर झाली. दगडू जॅक घेऊन खाली उतरला. शेट काही उतरले नाहीत. ऊन फार होतं.

आता ह्या गाडीची गंमत अशी, की खालचा सांगाडा लोखंडी, पण पाय ठेवायची जमीन पातळ लाकडी फळीची. जॅक लावायचा तो लोखंडाखालीच. दगडूला हे कुणी सांगितलेलं नाही. त्यानं विचार केला, वजन सारखं पडलं पाहिजे. म्हणून जॅक लावला गाडीच्या बरोबर मधोमध! आणि लागला फिरवायला.

आत शेटना पायाशी काहीतरी कुरकुरल्यासारखं वाटलं. मग कडाड! फळी फुटली आणि दोन पायांच्या मधून जॅकचं लोखंडी डोकं वर आलं. शेटनी पाय उचलून सीटवर घेतले. आवाज फुटेना. जॅक आपला वर येतोच आहे, येतोच आहे.

आणि खालून दगडू विचारतो, "शेट, आली का वर?"

* * *

दगडू त्याच दिवशी विटांच्या ट्रकवर परत गेला. फळी आम्ही नवी बसवली, खालून काळा रंग दिला. गाडी न्यायला शेट आले ते एक अट घेऊनच आले.

"ह्याचे पुढं गारी उचलाची ती तुमीच," ते विनायकरावांना म्हणाले. "आन् गारीचे पोटाला येक वरखडा जरी आला, तर त्याच दिवशी जागा खाली!"

विनायकरावांना वाटलं, थट्टा आहे. ते हसले. शेट हसले नाहीत.

"मीठ कवा वरनं खात नाय," शेट म्हणाले. "खालनं खातं. माजे बापाचं पाय बगितलं असतंत तं समाजलं असतं तुमाला."

मिठागरातल्या माणसाचं सगळं खालून झिजतं म्हणे. होडी, दाराची चौकट, तळपाय. वरचा रंग उडाला तर दिसतो, खालचा उडाला तर कळतच नाही, आणि खारी हवा आतल्या आत काम उरकते. माझं हसू तिथल्या तिथे विरलं. जागेचा कागद नव्हता, सगळा तोंडी मामला. शेट म्हणाले खाली, की खाली. विनायकरावांनी बायकोचे दागिने मोडून गॅरेज काढलेलं, मामांच्या घरात सात माणसं, आणि मी मॅट्रिक नापास. आम्हा तिघांचं पोट त्या गाडीच्या पोटावर आलं. मला शेटचा राग आला होता, खोटं कशाला बोलू?

* * *

मग मामांनी ठोकळा केला. जुन्या सागवानी तुळईचा तुकडा, वर सांगाड्याच्या पट्टीला बरोबर बसेल अशी खाच, खाचेत चामडं, चामड्यावर गोणपाट. जॅक आणि गाडी यांच्या मध्ये तो ठेवायचा, म्हणजे लोखंडाला लोखंड लागायला नको. त्या ठोकळ्याला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती. मामा त्याला तेल पाजायचे.

एका दिवाळीत ठोकळा नाहीसा झाला. शेड पालथी घातली. दुपारी शेटची गाडी यायची होती आणि मामांना घाम फुटला होता. विनायकरावांचं घर शेडच्या मागेच. मामा विचारायला गेले, मी त्यांच्या मागोमाग. विनायकराव नुकते न्हाऊन बाहेर आले होते. अंगाला उटण्याचा वास, चेहरा प्रसन्न.

"गणपतराव, आज पाणी काय सुरेख तापलं होतं!" ते म्हणाले. "सासूबाईंनी स्वतः बंब पेटवला. लाकूडही कुठून आणलं कोण जाणे, तासभर धगधगत होतं!"

मामांनी हवेत नाक वर केलं. तेलाचा वास येत होता. मी बंबात डोकावलो, तर चामड्याचा एक तुकडा अजून जळायचा बाकी होता. मामांनी तो चिमट्यानं बाहेर काढला आणि दुपारच्या आत नवा ठोकळा करायला तुळईचा दुसरा तुकडा शोधायला निघाले. विनायकरावांना कळलं तेव्हा ते परत आत गेले आणि गार पाण्यानं पुन्हा अंघोळ करून आले. का, ते त्यांनाच ठाऊक.

* * *

गाडी ताब्यात घेताना तपासणी असायची. शेट अंगणात चटई टाकायचे, धोतर सावरून आडवे व्हायचे आणि बायकोचा आरसा गाडीखाली सरकवून पोट बघायचे. आम्ही तिघे रांगेत उभे. मॅट्रिकच्या निकालाला माझी इतकी वाईट अवस्था झाली नव्हती.

एकदा खालून आवाज आला, "वरखडा!"

विनायकरावांनी शेजारचा खांब धरला. मामा म्हणाले, "शक्य नाही." शेट म्हणाले, "ह्यो काय, येवरा लांब!" मामा पोटावर सरपटत गेले. त्यांनी पाहिलं. खरंच होता, चांगला हातभर! शेटनी आरसा डावीकडे नेला, ओरखडा डावीकडे गेला. उजवीकडे नेला, उजवीकडे आला. पुढच्या चाकापर्यंत नेला, तर तो बेटा तिथेही हजर.

मामांनी आरसा हातात घेऊन काचेवर नख फिरवलं. काचेला तडा गेला होता.

शेट उठले, धूळ झटकली, आरसा पंच्यात गुंडाळला. "माजे बायकोला बोलू नका," म्हणाले आणि गाडी घेऊन गेले.

* * *

ठाकुर्लीला एकदा गाडी शेटसकट चिखलात रुतली. निरोप आला म्हणून मामा आणि मी धावलो. मामांनी जॅक लावला, नवा ठोकळा ठेवला, दांडा फिरवला. गाडी हलली नाही. आणखी फिरवला. पाहतो तर गाडी होती तिथेच आणि जॅक चालला होता जमिनीत!

जॅकखाली काहीतरी रुंद हवं होतं. जवळच एक घर होतं, तिथे एक म्हाताऱ्या बाई तांदूळ निवडत बसलेल्या. मी म्हटलं, "आजी, पाट देता का? एक घटकाभर." त्यांनी चांगला जाड, पितळी फुल्यांचा पाट दिला. तो जॅकखाली जाताना पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "अगं बाई!"

चाक निघालं. मी पाट धुऊन परत द्यायला गेलो, तर आजी वाटेतच आडव्या. हातात वाढलेलं ताट!

"आमच्या घरातला पाट एकदा मांडला की रिकामा उचलत नाहीत," त्या म्हणाल्या. "कुणाला बसवायचं ते तुम्ही ठरवा."

मामांना उपास होता, माझा पाय त्या चिखलात मुरगळलेला. त्यामुळे काशिनाथशेट, कोपरीचे एवढे मोठे जमीनदार, चिखलात पाटावर मांडी घालून वरणभात जेवले. आजी समोर उभ्या. "आणखी वाढू?" म्हणाल्या, तर शेट मान खाली घालून म्हणाले, "वाईच."

* * *

आता शेवटचा. हा मी चहाबरोबर सांगत नाही, पण आता सुरुवात केलीच आहे.

सकाळची वेळ. गाडीच्या मागच्या चाकाचं काम होतं. शेट स्वतः शेडमध्ये उभे. गाडी जॅकवर, मध्ये ठोकळा, आणि मामा बाजूला आडवे होऊन खांद्यापर्यंत गाडीखाली. सांगाडा साफ करत होते. मी विनायकरावांना पाना देत होतो.

टक् असा आवाज झाला.

ठोकळा उभा चिरला होता. एक फाक निसटली, जॅक कलला, आणि त्याचं लोखंडी डोकं त्या काळ्या रंगवलेल्या पोटाकडे सरकायला लागलं. मामांना बाहेर यायला वेळ होता. मी शपथेवर सांगतो, वेळ होता! मी ओरडलो, "मामा, निघा!" मामा निघाले नाहीत. त्यांनी त्या डोक्याच्या आणि गाडीच्या मध्ये आपला हात घातला.

वर गाडी बसली. मामा ओरडलेसुद्धा नाहीत. नुसता श्वास आत ओढल्याचा आवाज आला.

विनायकराव जागच्या जागी थिजले. माझेही पाय हलेनात. हलले ते शेट. भिंतीला टेकवलेली पहार त्यांनी उचलली आणि दिसेल तिथे, गाडीच्या पोटाखाली घातली. आणि लावला जोर! मिठागराच्या माणसाचा जोर. फळी कडकडली, फुटली, पहार आरपार वर गेली, सीट फाटली, आणि मग टोक कुठेतरी लोखंडाला अडलं. शेटच्या कपाळाची शीर तटतटून फुगली. गाडी चार बोटं वर आली.

"वढ त्याला!" शेट किंचाळले.

मी ओढलं. दोन बोटं तर बोटं राहिलीच नव्हती. विनायकरावांनी आपलं उपरणं फाडून हात बांधला. टांगा बोलवायला शिंपी धावला. मामांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, ओठ पांढरे पडलेले. डोळे मिटूनच ते म्हणाले, "शेट..."

"बोल."

"पोटाला ओरखडा आला का?"

शेट गाडीशेजारी गुडघ्यांवर बसले. हातातली पहार खाली ठेवली. जिथे फळी होती तिथे डोकं जाईल एवढं भोक पडलं होतं, आणि त्यातून सीटचा काथ्या खाली लोंबत होता. शेटनी वाकून ते नीट पाहिलं. आम्हीही पाहिलं.

"नाय रं," शेट म्हणाले. "येकबी नाय."