लाल्या पडलेलं झाड

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. माझ्या आत्याचे. मी नीट चालायलाही लागलो नव्हतो तेव्हा आई गेली. वडील सालदार, पहाटेपासून दुसऱ्याच्या बैलांमागे. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली होती, तिने मला पदरात घेतलं. दिवसभर लोकांच्या शेतात कापूस वेचायचा आणि संध्याकाळी मला कंदिलाजवळ बसवून स्वतः समोर बसायचं, हा तिचा नेम. तिला अक्षरओळख नव्हती. पण मी नुसताच पुस्तकाकडे बघत बसलो तर तिला बरोबर कळे. "ओठ हालून नाई राह्यले तुहे," ती म्हणे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो तो तिच्यामुळे.

आमचं गाव आर्णीपासून दोन-अडीच कोसांवर. पाचवीनंतर मी आर्णीला एका नातेवाइकाकडे राहून शिकलो आणि दर शनिवारी दुपारी पायी घरी येऊ लागलो. अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात गेलो, त्या पावसाळ्यात शाळेच्या आवारातली क्रोटनची झाडं छाटली. लाल, पिवळी, गुलाबी, जांभळट पानं. एका पानासारखं दुसरं नाही. कापलेल्या फांद्या कुंपणाशी पडल्या होत्या. मी विज्ञानाच्या सरांना विचारून त्यातली एक घेतली. तिच्या कापलेल्या टोकातून पांढरा चीक गळत होता. सर म्हणाले, "टोकाला राख लाव, मग लाव. आणि पाणी साचू देऊ नकोस."

घरी रॉकेलचा एक गळका डबा होता. तो अर्धा कापून, खिळ्याने बुडाला भोकं पाडून त्यात फांदी लावली. माती अर्थातच काळी, शेतातली. आमच्याकडे मातीत दुसरी जात चांगली असू शकते हे कोणाच्या मनातही येत नाही. दोन आठवड्यांत डब्यातली माती वर चिखल आणि खाली दगड झाली आणि पानं गळू लागली. मग नाल्याची वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून फांदी पुन्हा लावली. या वेळी ती धरली. दिवाळीपर्यंत नवीन पानं फुटली आणि थंडीत त्यांच्यावर लाल रंग चढू लागला. मी आर्णीला जाताना आत्याला बजावलं, "आत्या, झाडाकडे लक्ष ठेव."

तिने ठेवलं. पुढच्या शनिवारी आलो तर डब्यात एक काडी उभी आणि शेंड्याला चार हिरवी पानं.

"आत्या, पानं कुठे गेली?"

"तोडून जाळली ना बाबू. लाल्या पडलाता त्याच्यावर. पुरा लालेलाल झालाता. म्हटलं, लोकाइच्या कपाशीले लागन त बोल आपल्यावर येईन."

कपाशीची पानं लाल पडली की तो लाल्या, आणि लाल्या म्हणजे बोंडं गेली. तिचं सगळं आयुष्य कपाशीत गेलेलं. लाल पान म्हणजे रोग, याखेरीज तिला दुसरं काय वाटणार? मला रडूही आलं आणि हसूही. मी तिला समजावलं की या झाडाचा रंग हाच त्याचा गुण आहे. तिने त्या काडीवरून बोट फिरवलं.

"म्हंजे म्या त्याचं लुगडंच सोडून घेतलं म्हन," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ते झाड तिचं झालं. शेजारची काकू येता-जाता टोमणे मारी. "ना फूल, ना फळ, ना भाजी. कोन्या कामाचं वो हे?"

"तुह्या घरी जावई बसून राह्यला, थो कोन्या कामाचा हाये?" आत्या म्हणे आणि भांडं विसळलेलं पाणी डब्यात ओती.

छप्पन सालानंतर आमच्या वस्तीने बुद्धाचा धम्म स्वीकारला होता. विहार म्हणजे चार लाकडी बल्ल्या आणि वर टिनाचे पत्रे. तेसुद्धा माझ्या अकरावीच्या वर्षी उभं राहिलं. वैशाख पौर्णिमेला तिथे पहिली वंदना करायची असं ठरलं. शिमग्यानंतर त्यासाठी बैठक बसली. मेणबत्त्या, सतरंजी, खीर, सगळ्याची वाटणी झाली. फुलांपाशी मात्र बैठक अडली. आमच्या भागात वैशाखात फूल कुठलं? पाणी असलेली बाग गावात एकच, पाटलाची. एक म्हातारे बाबा म्हणाले, "पाटलाकडून दोन हार मांगून आनू. देते थो."

बायकांमधून आत्या उठली. "मांगाचं नाई. इतके वर्स मांगलंच ना बाबा? आता पयल्या दिवशी त नोको. रंगाचं मी पाहीन."

"वैशाखात? कुठून आनशीन वो बाई?"

"घरून," आत्या म्हणाली आणि खाली बसली.

घरी येताना मी तिला म्हटलं, "आत्या, झाडावर एकही रंगीत पान नाही."

"मंग आन ना तू. शिकून राह्यला ना?"

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी घरी आलो तेव्हा उन्हाळा तापला होता. विहिरीने तळ गाठला होता आणि बायका नाल्यात झिरा उकरून वाटीवाटीने पाणी भरत होत्या. आत्याने झाड घरातल्या सगळ्यात गार जागी, रांजणाच्या शेजारी ठेवलं होतं. डब्याखाली घमेलं, घमेल्यात ओली वाळू. रांजणाचा ओलावा त्याला लागे. झाड टवटवीत होतं, पानांनी भरलं होतं. पण हिरवंगार! रांजणाजवळच्या अंधारात त्याने रंगाचं नावच टाकलं होतं.

"सर सांगत, उजेडाशिवाय रंग चढत नाही," मी म्हटलं.

"भायेर ठेवलं त पापड होईन त्याचा."

दोघांचंही खरं होतं. शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. तेंदूपत्ता तोडायला निघण्यापूर्वी आत्या डबा अंगणातल्या निंबाच्या पूर्वेला ठेवी. ऊन कडक होऊ लागलं की मी तो आत आणून रांजणाजवळ ठेवी आणि भोवती ओलं पोतं उभं करी. संध्याकाळी आत्या पाठीवरचं ओझं उतरवायच्या आधी विचारी, "काही फरक?"

फरक काही दिसेना. पौर्णिमा जवळ येत चालली. काकू दारातून डोकावून जाई. "पालक चांगला झाला वो तुहा." आत्या झाडाभोवतीचं पोतं आणखी जवळ ओढून घेई. एकदा ती हळूच म्हणाली, "नाई आला रंग, त पाटलाकडे मीच जाईन. बोलली मी, त मीच जाईन." तिच्या तोंडून ते ऐकवत नव्हतं.

मग एका सकाळी वरच्या पानांच्या शिरा पिवळ्या दिसल्या. मला वाटलं, ऊन लागलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळ्याला गुलाबी कड आली. आणि त्यानंतरच्या पहाटे आत्याचा आवाज अख्ख्या वस्तीने ऐकला.

"लाल्या पडला रे! लाल्या पडला!"

माणसं धोतर सावरत धावत आली. वैशाखात कपाशी कुठली आणि लाल्या कुठला, हे कोणाला सुचलंच नाही. अंगणात येऊन पाहतात तो आत्या डब्यापुढे उभी, आणि झाडाच्या शेंड्याची पानं कुंकवासारखी लाल. म्हातारे बाबा गुडघे धरून खाली बसले आणि हसू लागले. काकूने पान उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं. "खरंच वो," म्हणाली, "मले एक फांदी देजो."

पौर्णिमेला डब्याला पांढरं कापड गुंडाळून आम्ही झाड बुद्धाच्या तसबिरीपुढे ठेवलं. एकही पान तोडलं नाही. मूळ असलेलं, जिवंत झाड त्या टिनाच्या छपराखाली असं पेटल्यासारखं दिसत होतं की रस्त्याने जाणारे थांबत होते. पाटलाचा माणूस बैलगाडी थांबवून म्हणाला, "एवढी फुलं कुठून आनली वो?"

"फुलं नाईत, पानं हायेत," आत्या म्हणाली. "आमच्या घरची."

पुढच्या वैशाखापर्यंत वस्तीतल्या बहुतेक दारांत डबा होता.

त्या पहिल्या वंदनेनंतर थोड्याच दिवसांत मी मॅट्रिक पास झालो आणि कॉलेजसाठी अमरावतीला निघालो. तोवर कोणाला पान तोडू न देणाऱ्या आत्याने त्या सकाळी झाडाचा शेंडाच कापला, टोकाला राख लावली, ओल्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. "रंग आला का कळवजो," एवढंच म्हणाली.

वसतिगृहातली माझी खोली उत्तरेकडे तोंड केलेली. फांदी धरली, वाढली, पण हिरवीच राहिली. घरून गावच्या मास्तरांच्या हस्ताक्षरात येणाऱ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी प्रश्न असे, रंग आला का? मी खरं तेच लिहीत असे, अजून नाही. शेवटच्या वर्षी मात्र मला पूर्वेची खिडकी असलेली खोली मिळाली. निकालाच्या दिवशी मी तिला लिहिलेलं पत्र असं :

"तीर्थरूप आत्यास,

मुलाचा सविनय नमस्कार. मास्तरांना विनंती, हे पत्र अंगणात उभं राहून मोठ्याने वाचावं, म्हणजे काकूलाही ऐकू जाईल.

मी बी.ए. झालो. दुसऱ्या वर्गात पास झालो. निकालाच्या फलकावर माझं नाव मी स्वतः वाचलं, मग मित्राकडून वाचून घेतलं. वाचताना माझे ओठ हालत होते.

बाबांना सांग, आता सालाचा नवा करार करू नका. नोकरी लागताच मी तुम्हाला दोघांना घेऊन जाईन. तू झाडाला सोडून येणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून डबाही आणू.

तू एवढी वर्षं विचारते आहेस त्याचं उत्तर आता देतो. आत्या, लाल्या पडला.

तुझा,
बाबू"