अकरा दोषांची कॅसेट

वाळूजच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं गुणवत्ता तपासणीत आहे. नग घ्यायचा की नाकारायचा, एवढंच काम. नाकारलेला नग फेकत नाहीत. दोष कागदावर लिहून, लाल चिठ्ठी लावून तो लाल पेटीत ठेवतात. तशी एक पेटी गारखेड्यातल्या आमच्या घरीही आहे. सध्या तिच्यात कुकरच्या दोन शिट्ट्या आणि नळाची एक तोटी आहे. बायको म्हणते, "एखाद्या दिवशी मलाच चिठ्ठी लावाल."

मागच्या हिवाळ्यात मुलीनं माझ्याकडे एक कॅसेट दिली. ती ब्लॅक मेटल नावाचं संगीत ऐकते आणि गातेही. 'गाते' हा शब्द तिचा. ही कॅसेट त्या प्रकारातल्या अगदी सुरुवातीच्या कॅसेटींपैकी. थंड देशातल्या चार पोरांनी तळघरात ती भरली आणि मग जगभरच्या पोरांनी तसंच वाजवायला घेतलं.

"म्हणजे साथ पसरली," मी म्हणालो.

"बाबा, फक्त कॉम्प्युटरवर उतरवून द्या. चालू टेपरेकॉर्डर तुमच्याकडेच आहे. आणि कॅसेट जशी आहे तशी परत द्यायचीय. मी शब्द दिलाय."

शब्द दिला होता पडेगावच्या एका गृहस्थांना. ते लाउडस्पीकर दुरुस्त करतात, वयानं माझ्याएवढेच. वसतिगृहात असताना टपालानं परदेशातून अशा कॅसेटी मागवायचे. आजवर त्यांनी एकही कुणाला दिली नव्हती. ही पहिली. धड परत आली तर पुढची मिळणार होती, नाहीतर त्यांचं कपाट कायमचं बंद.

रविवारी सकाळी मी कॅसेट लावली. दोन मिनिटांत बायको स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिनं पाण्याच्या मोटरचं बटण दाबलं. आमच्याकडे नळाला आठवड्यानं पाणी येतं. आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम घरघरतात. तिला वाटलं, पाणीच आलं.

"नाही आलं. हे गाणं आहे," मी सांगितलं.

"कोण गातंय?"

"चार जण."

"मग एकाला तरी दवाखान्यात न्यायचं."

मी सत्तावीस मिनिटं सगळं ऐकलं. शब्द कळले शून्य. मात्र दोष सापडले अकरा. खरखर, डाव्या बाजूचा आवाज बुडलेला, तिसऱ्या गाण्यात अडीच सेकंद आवाज दबलेला, कवचाच्या पाचांपैकी एक स्क्रू गायब, फीत दाबून धरणारा आतला फेल्टचा तुकडा दोन मिलिमीटर तिरका, असे. ज्या मालावरून जगानं नकला केल्या तो इतका सदोष असावा, हे मला सहन होईना. मी कवच उघडलं; तिरका फेल्ट सुटून हातात आला. कारखान्यातल्या प्रशिक्षणाची एक जुनी कॅसेट पडून होती. तिच्या कोऱ्या करकरीत कवचात, सरळ फेल्टवर, फीत बसवली. कॉम्प्युटरवर खरखर गाळली. तिच्याबरोबर गिटारही बरीचशी गळून गेली. उरलं ते ताटावर चमचा आपटल्यासारखं, पण स्वच्छ.

संध्याकाळी मुलगी आली. कॅसेटवर लिहिलं होतं, 'गुणवत्ता : प्रत्येकाची जबाबदारी, भाग दोन.' तिनं कॉम्प्युटरवर उतरवलेलं लावून ऐकलं.

"बाबा, ती खरखर त्या चौघांनी मुद्दाम ठेवली होती. मुद्दाम! मी पडेगावच्या काकांना काय तोंड दाखवू?"

बावीस वर्षांत अनेक पुरवठादारांनी मला 'हे मुद्दाम आहे, साहेब' असं सांगितलंय. खरं सांगणारे हे चौघे पहिलेच. पण मुलीचे डोळे भरून आले होते, म्हणून मी वाद घातला नाही. लाल पेटीतून जुनं कवच काढलं, माझा दोषांचा कागद समोर ठेवला आणि एकेक दोष परत बसवायला घेतला. चारच स्क्रू. फेल्ट तिरका, व्हर्नियरनं मोजून दोन मिलिमीटर. चांगला नग मी आयुष्यात पहिल्यांदाच बिघडवत होतो, तोही मापात. मग काहीही न गाळता तिला पुन्हा उतरवून दिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पडेगावला गेलो. पांढऱ्या केसांची शेंडी मागं बांधलेले ते गृहस्थ उघड्या भोंग्यासमोर बसले होते. मी काय केलं ते सगळं सांगितलं.  त्यांनी कॅसेट लावली, डोळे मिटले. तिसऱ्या गाण्याशी त्यांनी एक डोळा उघडला.

"साहेब, हितं आवाज अडीच सेकंद दबतो. आता दोनच दबला."

"फेल्ट मापात बसवलाय," मी म्हणालो.

"तिरका कुणीकडं?"

मी कागद पाहिला. किती तिरका ते लिहिलं होतं. कुणीकडे, ते लिहिलं नव्हतं. बावीस वर्षांत माझा नग पहिल्यांदाच नाकारला जात होता. मुलगी जमिनीकडे बघत होती.

"बघू तो कागद." त्यांनी अकराही दोष सावकाश वाचले. मग हसायला लागले. "पस्तीस वर्षं ऐकतोय, मला नऊच घावले होते. लई बारीक कान हाय तुमचा. वाया गेला कारखान्यात." मग कागदाची घडी घालून तो कॅसेटच्या डबीत सरकवला. "हिला कव्हरचा कागद नव्हताच."

उठून त्यांनी कपाट उघडलं आणि दुसरी कॅसेट मुलीच्या हातात ठेवली.

"घे. पण घरी स्क्रूड्रायव्हर कुलपात ठेव. चावी तुझ्याकडं."

चावी तिच्याकडेच आहे.