तांड्याच्या भिंती वाचणारी जिवनबाई

नवऱ्यानं पुढचे दोन दात पाडल्यावर जिवनबाई औंढ्याजवळच्या तांड्यावर भावाकडे परत आली, ते साल शहाण्णव. सातवी शिकलेलं माणूस तांड्यात ती एकटीच. बाप्यांच्या शिक्षणाचं तर विचारूच नका. सहीच्या जागी सगळ्यांचे अंगठे, मिशा मात्र पिळदार.

पोरं शाळेत जात नव्हती. दसरा झाला की आईबापासोबत ऊसतोडीला जायचं, होळीला परत यायचं. अशा लेकरांचं नाव पटावर टिकणार कसं? जिवनबाईनं त्यांना दुपारी लिंबाखाली बसवलं. घराच्या कुडावर, म्हणजे मातीनं लिंपलेल्या भिंतीवर, कोळशानं अक्षरं काढायला शिकवलं. पोरं पार वेडी झाली. साबणाचं वेष्टन, खताची गोणी, पुडीचा कागद, हाती लागेल ते वाचत सुटली. अमरसिंगची नऊ वर्षांची संगिता तर जेवणावरून उठून पळायची.

मग जिवनबाईनं एक चूक केली. "आता मनानं लिहा," ती म्हणाली. "काल घरात काय झालं ते लिहा. आपापल्या कुडावर."

दोन दिवसांत तांडा अक्षरांनी भरला. आईबापांना एक अक्षर वाचता येत नव्हतं, त्यामुळं सगळे खूश. जिवनबाईनं मात्र घरोघर फिरून वाचलं आणि आपली चूक तिला कळली. पुसून टाका, असं तिनं सांगायला हवं होतं. पण इतकं सरळ, इतकं खरं लिहिलेलं तिनं कधी वाचलं नव्हतं. तिचा जीव होईना.

अमरसिंग येईल त्याला कूड दाखवायचा. वसमतचा बैलांचा व्यापारी नासेर आला, तेव्हा बाजेवर चार माणसं बसलेली होती. अमरसिंग म्हणाला, "नासेरभाई, वाचा की. माझ्या पोरीनं लिव्हलंय. जोरात वाचा."

नासेरनं चष्मा लावला आणि जोरात वाचलं, "काल बापूनं आईला कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं. आईच्या नाकातून रगत आलं. बापू नंतर जेवला." वाचून झाल्यावर आपण काय वाचलं ते त्याच्या ध्यानात आलं.

बाजेवर कोणीतरी फिसकन हसलं. झालं! अमरसिंगनं तोच दांडा उचलला. संगिताला दारातून ओढून झोडपलं, मधे पडलेल्या बायकोला, मोतीबाईला, लाथेनं उडवलं आणि तसाच जिवनबाईकडे धावला. तिनं तोंडापुढं उजवा हात धरला. हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या घरात ऐकू गेला. बायकोला मारताना या माणसाला लाज वाटली नव्हती. ते चारचौघांत वाचलं गेलं याची वाटली.

तोवर बाकीच्या बाप्यांना घाम फुटला. आपल्या कुडावर काय आहे? पोरांना दरडावून विचारलं, तर पोरं म्हणाली, "बापू लई चांगला हाय, असं लिव्हलंय." एकाचाही विश्वास बसला नाही. आपण किती चांगले आहोत, हे ज्याचं त्याला माहीत होतं.

सकाळी तांड्याच्या नायकानं, रामसिंगनं, बैठक बसवली. फैसला तयारच होता. "शिकवणं बंद. समदे कूड आजच शेणानं सारवून घ्या. अन् जिवनबाई, तू नवऱ्याकडं जायाचं."

हात गळ्यात बांधलेली जिवनबाई उभी राहिली. नवऱ्याकडं जाणं म्हणजे मरणं, तिला पक्कं ठाऊक होतं. "जाते," ती म्हणाली. "पण तुमी काय सारवून राहिले, ते तरी ऐका."

ती पहिल्या कुडापुढं गेली आणि मोठ्यानं वाचू लागली. कोणी बायकोचा हात चुलीत धरला होता, कोणी पोराला खुंट्याला बांधून कासऱ्यानं फोडलं होतं. बाया पदर तोंडाशी धरून मागं चालत होत्या. बाप्ये शिव्या देत होते. पाचव्या घरी मागून दगड आला. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं, आणि जिवनबाई अर्ध्या वाक्यात खाली बसली.

मग सुजलेल्या ओठांनी संगितानं ते वाक्य पुढं वाचलं. दुसरं पोरगं पुढच्या घरी गेलं, तिसरं त्याच्या पुढं. बघता बघता सगळी लेकरं आपापल्या कुडापुढं बोट ठेवून ओरडून वाचू लागली, आणि दगड कोणाकोणाला मारायचा ते कोणाला कळेना.

नायकाच्या दारात त्याची नात वाचत होती. "आजोबानं आजीला..." म्हातारी जनकाबाई पुढं आली, नातीचा दंड धरला. पोरीला गप्प करणार, असं सगळ्यांना वाटलं.

"जोरात वाच गं," म्हातारी म्हणाली. "मला कमी ऐकू येतं. ते काहून येतं, तेबी लिव्हलं असंल तर वाच."

त्या दिवशी तांड्यातल्या एकाही बाईनं शेण कालवलं नाही. सारवणं हे बायांचं काम. बाप्यांनी जन्मात कधी पोतेरं हातात धरलं नव्हतं. नायकाचा हुकूम तसाच पडून राहिला. जिवनबाईला नवऱ्याकडं न्यायलाही कोणी उठलं नाही.

तिचा हात वाकडाच जुळला. पुढं आठ वर्षं ती डाव्या हातानं शिकवत राहिली. मारहाण थांबली म्हणाल, तर नाही. पण दांडा उचलणारा माणूस आता आधी पोरगं घरात आहे का ते बघायचा.